डाव्या बाजूचा ब्रेक

गाडी घ्यायला आम्ही घरचे पाचही जण शोरूममध्ये गेलो होतो. मुलानं सनरूफ आहे का ते विचारलं. मुलीनं पडदा किती इंची आहे ते विचारलं. हा पडदा डॅशबोर्डवरचा, खिडकीचा नव्हे, हे सेल्समनला लगेच कळलं, मला जरा उशिरा. बायको डिकीत डोकं घालून बराच वेळ उभी होती, कारण दर मे महिन्यात तिला तिथे एक संसार, दोन आंब्याच्या पेट्या आणि एक फणस बसवायचा असतो. मी "ॲव्हरेज किती देते?" हा प्रश्न तीन वेगवेगळ्या माणसांना विचारला. तिघांपैकी एखादा तरी जास्त सांगेल अशी आशा होती.

आत्या सोफ्यावर बसून फुकटची कोल्ड कॉफी पीत होती. ग्लास रिकामा झाल्यावर तिनं विचारलं, "आणि थांबते का?"

सेल्समन चपापला. हा प्रश्न त्याच्या ट्रेनिंगमध्ये नसावा. "मॅडम, एबीएस आहे, ईबीडी आहे, ईएससी पण आहे."

"पदव्या राहू देत रे. थांबते का नीट?"

"थांबते, मॅडम."

"मग घ्या," आत्या आम्हाला म्हणाली आणि दुसरी कॉफी मिळेल का याची चौकशी करू लागली.

आत्याला हा प्रश्न सुचला याचं कारण आमचे काका, म्हणजे तिचे यजमान. काका एसटीत ड्रायव्हर होते. विनाअपघात सेवेचा त्यांचा बिल्ला अजून आत्याच्या शोकेसमध्ये, ताजमहालाच्या शेजारी आहे. गाडी पळवायला डिझेल लागतं, थांबवायला ड्रायव्हर लागतो, असं ते म्हणायचे. सकाळी डेपोत गाडी चालू केली की ब्रेकच्या टाकीत पुरेशी हवा भरल्याचं काटा सांगेपर्यंत ते जागचे हलत नसत. कंडक्टरनं डबल बेल दिली, प्रवासी कुरकुरले, साहेब ओरडले, तरी नाही. एसटी थांबताना ते जे 'फुस्स' होतं ते हवेच्या ब्रेकचं, हे मला काकांनी सांगितलं. तोवर ती गाडी दमून सुस्कारा टाकते असा माझा समज होता आणि खरं सांगायचं तर तो समज जास्त बरा होता.

तर नवी गाडी आली आणि वयोमानानुसार पुढची डावी सीट आत्याकडे गेली. त्या दिवसापासून आमच्या गाडीला दोन ब्रेक आहेत. एक माझ्या पायाखाली, कंपनीनं दिलेला. दुसरा आत्याच्या पायाखाली, तिनं स्वतः बसवलेला. पुढे रिक्षा वळली, कुत्रं उतरलं, सिग्नल पिवळा झाला की आत्याचा उजवा पाय मॅटवर गच्च दाबला जातो, हात वरच्या कडीला जातो आणि तोंडातून "अगं बाई" बाहेर पडतं. हा क्रम कधीच चुकत नाही. पाय, हात, अगं बाई. तीन वर्षांत डावीकडच्या मॅटला टाचेच्या बरोबर खाली रुपयाएवढं भोक पडलंय. माझ्या बाजूची मॅट नवीकोरी आहे.

यात आत्या एकटी नाही. माझे वडील शेजारी बसले की दोन्ही पायांनी ब्रेक दाबायचे. तेवढ्यासाठी ते चपला काढून बसत. बायको पाय दाबत नाही, श्वास आत ओढून घेते आणि गाडी थांबेपर्यंत सोडत नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली खरोखरचा दुसरा ब्रेक असतो, तसा नियमच आहे. पण गाडी शिकून झाल्यावर तो ब्रेक जातो आणि शिकवणारी माणसं मात्र आयुष्यभर त्याच सीटवर बसतात.

भाषेकडेही बघा. आपण ब्रेक 'मारतो'. हॉर्न मारतो, सेल्फ मारतो, रिव्हर्स मारतो, यू-टर्न मारतो आणि ब्रेकही मारतो. गाडीतली एकही गोष्ट मराठी माणूस प्रेमानं करत नाही. त्यातून ब्रेक 'कच्चकन' मारायचा किंवा 'करकचून' दाबायचा. हळुवार ब्रेकसाठी आपल्याकडे शब्दच नाही, कारण तशी वेळ कुणी येऊ देत नाही.

मागच्या पावसाळ्यात पुढच्या चाकातून 'चीं' असा आवाज यायला लागला. कुठलाही समजूतदार माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केलं: रेडिओचा आवाज वाढवला. हा उपाय सव्वा महिना टिकला. मग आत्या म्हणाली, "चाक रडतंय," आणि मी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे पांढऱ्या शर्टातल्या एका मुलानं गाडीला हात न लावता टॅबलेटवर एक आकडा दाखवला. तो बघून मी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे आलो.

मिस्त्रींनी जॅक लावला, चाक उतरवलं आणि मला हाक मारली. "या साहेब, बघा. पैसे देणार तर बघून द्या."

पंचवीस वर्षं गाडी चालवून मी पहिल्यांदा चाकाच्या आत काय असतं ते बघत होतो. आत एक चकचकीत लोखंडी थाळी, तीच डिस्क. ती चाकाबरोबर फिरते. तिच्या एका कडेवर खेकड्यानं नांगीत धरावं तसं एक ओबडधोबड धूड बसलेलं, तो कॅलिपर. तो फिरत नाही. नांगीच्या दोन्ही आतल्या बाजूंना एकेक पॅड, म्हणजे लोखंडी पट्टीवर चिकटवलेली खरखरीत काळी वडी. आपण पेडल दाबलं की कॅलिपरमधला पिस्टन सरकतो आणि दोन वड्या मिळून थाळीला चिमटीत धरतात. झालं. एवढाच ब्रेक. मी आणखी काहीतरी असेल म्हणून वाकून बघत होतो.

"नवीन पॅड एवढं असतं," मिस्त्रींनी करंगळीचं पेर दाखवलं. "तुमचं बघा." माझं पॅड मारी बिस्किटापेक्षा पातळ झालं होतं. पट्टीच्या कडेला पत्र्याचा एक वाकडा तुकडा होता. पॅड झिजलं की हा पत्रा डिस्कला टेकतो आणि ओरडतो. मुद्दाम ओरडावा म्हणूनच तो बसवलेला असतो. म्हणजे कुण्या इंजिनिअरनं विचार करून, पत्रा वाकवून, माझ्यासाठी एक निरोप ठेवला होता आणि मी त्यावर सव्वा महिना लताबाईंची गाणी लावली.

निरोपाचंच बोलायचं तर ब्रेकची सगळी यंत्रणा म्हणजे एक निरोप आहे, आणि तो आमच्या घराण्यातल्या निरोपासारखाच जातो. आमच्या आजीनं "मीठ जरा कमी होतं" एवढंच म्हटलेलं असायचं. चार जणांच्या तोंडून ते धाकट्या सुनेपर्यंत पोचायचं तोवर त्याचं "स्वयंपाक तोंडात घालवत नव्हता" झालेलं असायचं. मधला प्रत्येक माणूस आपल्या पदरचं थोडं घालायचा. ब्रेकमध्ये हेच होतं, फक्त मोजून होतं.

समजा माझ्या पायानं पेडलवर दहा किलोचा जोर दिला. पेडल म्हणजे तरफ; विहिरीवरच्या पोहऱ्याला लावतात तसली, फक्त लहान. ती दहाचे चाळीस करते. पुढे बॉनेटखाली, ड्रायव्हरच्या समोर, भाकरीच्या तव्याएवढा एक काळा गोल डबा असतो. तो बूस्टर. त्याच्या आत रबराचा पडदा. पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा इंजिन ओढून घेत असतं. पाय दाबला की एका बाजूला बाहेरची हवा आत येते, दुसऱ्या बाजूला पोकळीच राहते, आणि बाहेरची हवा पडद्याला ढकलते. आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. एरवी आपण तिचा उपयोग फक्त ती खराब आहे हे सांगायला करतो. बूस्टर तिच्याकडून काम करून घेतो आणि चाळीसचे दीडशे-एकशेसाठ करतो. ही मदत पूर्ण फुकट असते. पुण्यात हे अजून कुणाला फारसं माहीत नाही, नाहीतर लोकांनी बूस्टर घरी नेले असते.

मग येतो मास्टर सिलिंडर आणि त्यातलं ब्रेक ऑइल. इथे सतराव्या शतकातले फ्रेंच गृहस्थ ब्लेझ पास्कल मदतीला येतात. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हा त्यांचा नियम आपण शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केला आणि परीक्षेनंतर सोडून दिला. मास्टर सिलिंडरचा पिस्टन दोन सेंटिमीटर व्यासाचा, कॅलिपरचा पाच सेंटिमीटरचा धरा. व्यास अडीचपट, म्हणजे क्षेत्रफळ सव्वासहा पट, म्हणजे जोरही सव्वासहा पट. माझ्या दहा किलोचे चाकापाशी हजार किलो झाले! घरातला निरोप इतका कधीच वाढला नव्हता. एकदा फक्त आजोबांच्या मृत्युपत्राच्या वेळी.

अर्थात पास्कलसुद्धा फुकट काही देत नाही. जोर वाढतो तेवढी चाल कमी होते. माझा पाय दोन-तीन इंच खाली जातो तेव्हा कुठे ते पॅड मिलिमीटरचाही एक अंश सरकतं.

हा सगळा प्रकार घरी बोलता बोलता मी आत्याला सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे तू काहीच करत नाहीस."

मागच्या चाकाला माझ्या आधीच्या गाडीत ड्रम होते. ड्रम म्हणजे लोखंडी डबा, आणि त्यात आतून बाहेर फाकणारे दोन चंद्रकोरी लायनर. एके काळी फियाट म्हणा, पद्मिनी म्हणा, चारही चाकांना ड्रमच असायचे. वाईट एवढंच की ड्रम म्हणजे झाकण लावलेलं पातेलं. तापलं की आतल्या आत घुसमटतं. डिस्क म्हणजे उघडा तवा. जग्वारनं १९५३ साली डिस्क ब्रेक लावलेली गाडी ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरवली आणि शर्यत जिंकली, तेव्हा बाकीच्यांचे डोळे उघडले. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं. आत्याची पर्स सीटवरून खाली पडते ती त्याचमुळे. त्यामुळे थांबवायचं ७० टक्क्यांच्या आसपास काम पुढची चाकंच करतात. म्हणून अजूनही कित्येक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. लग्नकार्यात दोघं राबतात आणि बाकीचे मांडवात बसतात, तसं.

आता मला या सगळ्यात खरोखर आवडलेली गोष्ट. ब्रेक गाडी थांबवतो असं आपण म्हणतो, पण त्याचं काम आहे गाडीच्या वेगाची उष्णता करणं. माणसांसकट बाराशे किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरनं चाललीय आणि आपण ती पूर्ण थांबवली, तर जेवढी उष्णता निघते तेवढ्यात दीड लिटर पाणी उकळतं. कटिंगचे पंधरा ग्लास! द्रुतगती मार्गावर कुणी पुढे उगाच लेन बदलली म्हणून आपण जो ब्रेक मारतो, त्यात एका टपरीचा सकाळचा धंदा होतो. तोच वेग ५० असेल तर चहा निम्मा होत नाही, पाव होतो. वेग दुप्पट तर उष्णता चौपट, आणि थांबायला लागणारं अंतरही चौपट. हे कोष्टक शाळेत शिकवत नाहीत, वेगमर्यादेच्या पाटीखालीही लिहीत नाहीत.

आणि घाट? लोणावळ्याहून खोपोलीला उतरलं की गाडी साडेपाचशे मीटर खाली येते. ते सगळं ओझं एकट्या ब्रेकवर टाकलं तर वीस लिटर पाणी उकळेल. तो चहा पंधरा ग्लासांत मावत नाही, तिथे पंगतीचं पातेलं लागतं. घाटाच्या पायथ्याशी रबर जळाल्यासारखा जो वास येतो तो या पातेल्याचा. पॅड फार तापले की त्यांची पकड सुटत जाते. पाय तेवढाच दाबतोय आणि गाडी ऐकत नाही, असं होतं. म्हणून काका ज्या गिअरमध्ये घाट चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे. इंजिनच गाडीला मागून धरून ठेवतं. पाठीमागचे हॉर्न मारायचे. काका म्हणायचे, "त्यांना घाई आहे, आपल्याला प्रवासी आहेत."

इथे आपल्यातल्या एका जमातीबद्दल बोललंच पाहिजे. ही जमात पेट्रोल वाचवण्यासाठी घाट न्यूट्रलमध्ये उतरते. त्यातले काही जाज्वल्य लोक इंजिनच बंद करतात. इंजिन बंद म्हणजे बूस्टरला पोकळी देणारं कुणी नाही. साठवलेल्या पोकळीवर दोन-तीन वेळा ब्रेक लागतो आणि मग पेडल दगडासारखं होतं. बूस्टरचं सगळं काम पायावर येतं. मी माझ्या एका मेहुण्यांना हे समजावलं. ते ऐकेनात. मग मी त्यांना सांगितलं की हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनला पेट्रोल देणंच बंद करतात. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. मेहुणे एकदम गप्प झाले. इतकी वर्षं घाटात आपण पैसे घालवले, हे त्यांना लागलं. जिवाचं काही वाटलं नव्हतं.

पॅडवरून आठवलं. ब्रेकला झिजणारं अस्तर लावायची कल्पना आली कुठून? १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बेर्था बेन्झ नावाच्या बाई नवऱ्यानं बनवलेली तीन चाकांची मोटार घेऊन, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. शंभरेक किलोमीटर. इतक्या लांब मोटार कुणी नेली नव्हती. आणि कशासाठी? तर आईकडे. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास माहेरपणाचा होता, हे मला कुठल्याही पाठ्यपुस्तकानं सांगितलं नाही. वाटेत उतारांवर लाकडी ब्रेक झिजून गेले. बाईंनी एका गावात मोच्याला गाठलं आणि ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. तेच पहिलं लायनर. ही गोष्ट ऐकल्यावर आत्यानं विचारलं, "आणि नवऱ्याला कधी कळलं?" पोचल्यावर बाईंनी तार केली, म्हटलं. "बरं केलं," आत्या म्हणाली. "आधी सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, ब्रेक झिजतील."

मिस्त्रींनी पॅड बदलले आणि मग बॉनेट उघडून एका छोट्या पांढरट बाटलीकडे बोट दाखवलं. "हे कधी बदललंय?"

ती बाटली मी ओळखत होतो. गेल्या वर्षी वायपरचं साबणपाणी मी त्याच बाटलीत ओतणार होतो. झाकण अर्धं फिरवून झालं होतं, तेवढ्यात वॉचमननं हटकलं. तो मूळचा ट्रकवरचा क्लीनर. त्या दिवशी त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं तसं नंतर कधी बघितलं नाही, सोसायटीचे पैसे थकले तेव्हाही.

बाटलीत ब्रेक ऑइल असतं. नाव ऑइल असलं तरी ते तेल नसतं, ग्लायकॉलच्या जातीचा द्रव असतो, आणि रंगावर सांडला तर रंग खातो. त्याचा खरा दोष मात्र मराठी घरात लगेच समजावा असा आहे: ते सादळतं. डब्याचं झाकण नीट लावलं तरी पावसाळ्यात पापड सादळतात ना, तसं हे हवेतलं पाणी हळूहळू पिऊन घेतं. 'डॉट फोर' प्रतीचं कोरं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. सादळलं की हीच हमी १५५ वर येते. घाटात कॅलिपर तापला, आतलं पाणी उकळलं, नळीत वाफ झाली की संपलं. द्रव दाबला जात नाही म्हणून तर निरोप पोचतो. वाफ मात्र उशीसारखी दबते. पाय तळाला जातो आणि निरोप मध्येच राहतो. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात हे लिहिलेलं असतं. ते पुस्तक आमच्याकडे प्लॅस्टिकच्या मूळ पिशवीत आहे.

ऑइल बदलताना नळ्यांतली हवा काढावी लागते. मिस्त्रींचा पोरगा जेवायला गेला होता म्हणून मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. मिस्त्री मागच्या डाव्या चाकाशी, सर्वांत लांबच्या. कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या जुन्या बाटलीत.

"मारा पंप. मारा, मारा, मारा... धरा!"

मी धरलं. मिस्त्रींनी निपल ढिलं केलं. पाय आपोआप खाली गेला, जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसा. नळीतून बुडबुडे गेले आणि त्यामागून कोऱ्या चहाच्या रंगाचं ऑइल.

"सोडू?"

"सोडू नका! मी सांगेस्तोवर सोडायचं नाही. हवा परत आत जाईल."

चार चाकं, प्रत्येकाला सात-आठ वेळा. गॅरेजमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून आत्या हे सगळं बघत होती. शेवटी नळीतून मधासारखं पिवळं, स्वच्छ ऑइल यायला लागलं. माझ्या पोटऱ्यांत गोळे आले होते. "आता कळलं माझे पाय का दुखतात?" आत्या म्हणाली.

जाता जाता हिंदी सिनेमाचा एक गैरसमज दूर करतो. खलनायक रात्री येतो, गाडीखाली सरकून एक नळी कापतो, सकाळी नायक घाटात "ब्रेक फेल!" असं ओरडतो. आता तसं होत नाही. मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक दोन कप्पे असतात आणि पुष्कळ गाड्यांत त्यांच्या नळ्या तिरक्या वाटून दिलेल्या असतात: पुढचं डावं चाक मागच्या उजव्याबरोबर, पुढचं उजवं मागच्या डाव्याबरोबर. एक नळी गेली तरी दोन चाकांचा ब्रेक उरतो. खलनायकाला दोनदा आडवं व्हावं लागेल आणि त्याचं वय झालंय. शिवाय ऑइल गळालं की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. नायकानं तो बघून "हँडब्रेक राहिला असेल" असं म्हटलं तर मात्र खलनायकाचा काही दोष नाही.

आता सेल्समनच्या त्या पदव्या. एबीएसशी माझी ओळख पहिल्याच पावसात झाली. ओल्या रस्त्यावर पुढे म्हैस आली, मी करकचून दाबला आणि पेडल पायाखाली थरथरायला लागलं, कर्रर्र असा आवाज आला. गाडी मोडली असं वाटून मी पाय उचलला. नेमकं तेच करायचं नसतं. प्रत्येक चाकाशी एक सेन्सर असतो. चाक फिरायचं थांबून घसरायला लागलं की यंत्र त्या चाकाचा दाब सोडतं, परत देतं, सेकंदाला दहा-पंधरा वेळा. पूर्वीचे ड्रायव्हर हेच पायानं करायचे, ब्रेक थापटून थापटून. सेकंदाला दोनदा जमलं तरी वाहवा व्हायची. ही युक्ती आधी विमानांना होती. १९७८ साली बॉशनं बनवलेलं यंत्र मर्सिडीझच्या गाडीत आलं, आणि आता आपल्याकडच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे. पण एबीएसमुळे गाडी लवकर थांबते असं समजू नका. खडीवर तर उशिराही थांबेल. चाक फिरत राहिलं तर स्टिअरिंग ऐकतं, हा त्याचा खरा फायदा. म्हैस चुकवता येते. माझी म्हैस मी चुकवली नाही, तीच बाजूला झाली. म्हशीला अनुभव जास्त होता.

ईबीडी पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेक वाटून देतं. ईएससी वळणावर गाडी फिरायला लागली तर एखाद्याच चाकाचा ब्रेक आपला आपण लावतं. १९९७ साली स्वीडनमध्ये रस्त्यात सांबरासारखं मोठं जनावर आलं तर काय, या चाचणीत मर्सिडीझची नवीकोरी ए-क्लास उलटली आणि कंपनीनं ते यंत्र त्या प्रत्येक गाडीत घातलं. आमच्या रस्त्यावर सांबरं नाहीत. त्यांची उणीव भासत नाही.

परवा भाच्यानं नवी गाडी आणली, तिला ॲडास आहे. काचेमागे कॅमेरा, पुढच्या जाळीत रडार. पुढे काही आलं की आधी ती ओरडते, मग थोडा ब्रेक लावते, तरी आपण ढिम्म राहिलो तर स्वतःच करकचून दाबते. लक्ष्मी रोडवर ती पंधरा मिनिटं अखंड ओरडत होती. सिग्नलला टेकलो तेव्हा भाचा घामाघूम झाला होता. आत्या मागे बसली होती. म्हणाली, "कोण आहे रे ही? फार कटकट करते."

गाडीबरोबर बारा लाखांत आत्या मिळाली, एवढाच त्याचा अर्थ.

आणि मग आमच्या गाडीत मी एक गोष्ट करून बघितली. मी माझ्या पायाकडे न बघता आत्याच्या पायाकडे लक्ष ठेवायला लागलो. सावकाश, रिकाम्या रस्त्यावर. दर वेळी तिचा पाय माझ्या आधी दाबला जात होता. काहीतरी दिसलं, ते डोक्यात शिरलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात माणसाचा साधारण एक सेकंद जातो. ताशी ६० च्या वेगाला तेवढ्यात गाडी १७ मीटर जाते. एसटीची दीड बस! बूस्टर, पास्कल, पॅड, एबीएस, बॉश, सगळे हात बांधून उभे असतात आणि माझा पाय अजून यायचा असतो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर आणखी २० मीटर. आत्याचा सेकंद माझ्या सेकंदाच्या आधी सुरू होतो, कारण तिला रेडिओ बदलायचा नसतो, फोन बघायचा नसतो आणि आपल्याला गाडी चालवता येते असा तिचा समज नसतो. तिचा ब्रेक उत्तम आहे. फक्त तो कुठेही जोडलेला नाही.

तेव्हापासून "अगं बाई" ऐकू आलं की मी पाय ॲक्सिलरेटरवरून काढतो. पुढच्या गाडीशी जास्त अंतर ठेवतो. त्या अंतरात लगेच एक रिक्षा येऊन बसते, मग तिच्यापुढे परत अंतर ठेवतो. मिस्त्री म्हणाले, या वेळी पॅड जास्त टिकतील. आत्याला सांगितल्यावर ती म्हणाली, "ह्यांचे टिकायचे."

तुम्ही एवढं करा. सकाळी गाडी थंड असताना बॉनेट उघडा. ड्रायव्हरच्या बाजूला, काचेच्या पायथ्याशी ती छोटी बाटली दिसेल; तिच्यावर दोन रेघा असतात, वरची कमाल, खालची किमान. झाकण उघडू नका, साबणपाण्याची बाटली दूर ठेवा. नुसतं बाहेरून बघा. ऑइल मधाच्या रंगाचं असेल तर बॉनेट लावून कामाला जा. कोऱ्या चहाच्या रंगाचं असेल तर आधी मिस्त्रींकडे जा.